तसबिरीपुढची माणसे

दिवाळीच्या आधीची झाडलोट म्हणजे आमच्या घरी दरवर्षी होणारे एक लहानसे उत्खनन असते. यंदा माळ्यावरून आमच्या कैलासवासी काकांची पत्र्याची ट्रंक खाली आली. काकांना इंग्रजी बोलपटांचा मोठा नाद होता, आणि तो त्यांनी काकूंपासून जन्मभर यशस्वीपणे लपवून ठेवला होता, हे ट्रंक उघडल्यावर आम्हांला कळले. तळाशी, सोवळ्याच्या खाली, कुठल्याशा मासिकातून कापून घेतलेले एका नटीचे चित्र होते. काळेभोर केस, मधोमध भांग, आणि चेहरा असा की झाडलोट थांबली.

"अगबाई, काय रेखीव नाक आहे हो हिचं!" सौ. म्हणाली. मी डोळ्यांविषयी काहीतरी बोललो. फार उत्साहाने बोललो नाही, कारण सौ. शेजारीच होती. आमची आई चकलीचे पीठ मळता मळता उठून आली आणि चष्मा पुसून म्हणाली, "देवानं अगदी सवडीनं घडवलीय."

एवढ्यात कॉलेजात जाणारी आमची कन्या डोकावली. "बाबा, ही हेडी लामार. तुम्ही कानात घालून भजनं ऐकता ना, त्या ब्लूटूथमागे जी युक्ती आहे, तिचं पेटंट हिनं घेतलं होतं."

"असं का?" मी म्हणालो. आणि आम्ही तिघे पुन्हा नाकाकडे वळलो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला या गोष्टीची लाज वाटू लागली. तीन शहाणीसुरती माणसे, त्यांतला एक तर पेशाने मास्तर. आणि या बाईने यंत्रविद्येत काही शोध लावला आहे असे कानांवर पडूनही कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. ते वाक्य आम्ही ऐकले आणि पायपोसावरून जावे तसे त्यावरून पलीकडे गेलो. बरे, आमचा तिच्यावर राग थोडाच होता? उलट आम्ही तिचे कौतुकच करत होतो. त्या कौतुकातच ते वाक्य बुडाले.

मग मी तिच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. रेडिओच्या लहरींचे गणित मला कळत नाही. परंतु माणसे एकमेकांशी कशी वागतात ते थोडेफार कळते, आणि या बाईच्या कहाणीत लहरींपेक्षा तेच अधिक आहे.

हेडविग कीस्लर ही व्हिएन्नातली, जन्म ९ नोव्हेंबर १९१४. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आई पियानो वाजवणारी. वडील मुलीला फिरायला नेत तेव्हा रस्त्यातली ट्राम दाखवून ती कशाच्या जोरावर चालते हे समजावून सांगत. पाच वर्षांची असताना तिने गाणारी एक किल्लीची डबी उघडून तिचे सगळे भाग सुटे केले आणि पुन्हा जोडले. आता, असे मूल आपल्या घरात असते तर आपण काय केले असते? मुलगा असता तर इंजिनिअर होणार म्हणालो असतो. मुलगी असती तर, डबीची नासाडी केलीस म्हणून एक धपाटा. तिच्या वडिलांनी तसे केले नाही; पण मुलगी मोठी झाली आणि इतकी सुंदर दिसू लागली, की त्या डबीची आठवण तिच्या स्वतःखेरीज कोणाला राहिली नाही.

१९३३ साली तिचे लग्न फ्रिट्झ मांडल नावाच्या दारूगोळ्याच्या कारखानदाराशी झाले. तो तिला घरात दागिन्यासारखी जपून, म्हणजे कुलपात, ठेवी. त्याच्याकडे मेजवान्यांना सेनाधिकारी आणि शस्त्रांचे व्यापारी येत. यजमानीणबाई शोभेसाठी टेबलाच्या शेवटी बसलेल्या असत. तिथे शस्त्रांच्या गोष्टी निघत, आणि त्या तिच्या कानांवर पडत, असे तिचे चरित्रकार सांगतात. मला यात एक विलक्षण गंमत दिसते. शस्त्रास्त्रांच्या गोष्टी परक्यादेखत कोणी बोलत नाही. पण भिंतीवरच्या तसबिरीसमोर आवाज खाली कोण करतो? तिला कान असतील, आणि त्या कानांमागे काही असेल, असे त्या पाहुण्यांच्या ध्यानीमनीही आले नसावे.

१९३७ साली ती त्या घरातून पळाली. लंडनमध्ये हॉलिवुडचा बडा निर्माता लुई मेयर याने तिला आठवड्याला १२५ डॉलर देऊ केले. तिने नकार दिला. मग ज्या बोटीने मेयर अमेरिकेला निघाला त्याच बोटीचे तिकीट काढले, आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत आकडा ५०० वर नेला. नवे नाव मिळाले, हेडी लामार. १९३८ साली 'अल्जिअर्स' हा बोलपट आला आणि सारे जग तिला जगातली सर्वांत सुंदर स्त्री म्हणू लागले. एकदा असे म्हटले की दुसरे काही म्हणायला जागा उरत नाही.

रात्री ती मेजवान्यांना फारशी जात नसे. घरी टेबलापाशी बसून काहीबाही जुळवत असे. पाण्यात टाकली की सोड्याचे पेय तयार होईल अशी एक वडी तिने करून पाहिली. ती फसली. पेयाला औषधासारखी चव येते असे तिने स्वतःच हसत सांगितले. मला हे फसलेले पेय तिच्या यशापेक्षा अधिक जवळचे वाटते. हौसेने फसणारे माणूस खरे शोधक असते; बाकीच्यांना फसण्याचीही सवड नसते.

मग १९४० चा सप्टेंबर उजाडला. इंग्लंडवर बाँब पडत होते म्हणून तिथली मुले बोटीने कॅनडाला पाठवत होते. 'सिटी ऑफ बनारस' नावाच्या बोटीवर अशी ९० मुले होती. जर्मन पाणबुडीने १७ तारखेच्या रात्री ती बोट बुडवली आणि त्यांतली ७७ मुले दगावली. बोटीचे नाव आपल्या काशीचे, म्हणून तो आकडा वाचताना मला जरा जास्तच लागला, हे कबूल करतो. त्या दिवसांत हेडीच्या मनाने घेतले, की या पाणबुड्यांवर उपाय काढायचा. पाणतीर सोडायचा तो आंधळा सोडायचा नाही. वाटेत त्याला वळवता आले पाहिजे.

वाचकहो, इथे मी थोडा मास्तरपणा करतो. आपण रेडिओवर एखादे स्टेशन लावतो म्हणजे ठरावीक कंपनसंख्येच्या लहरी पकडतो. जहाजावरून पाणतीराला 'डावीकडे वळ, उजवीकडे वळ' असे सांगायचे तर असेच एक स्टेशन हवे. पण शत्रूला ते सापडले की तो त्याच जागी गोंगाट सुरू करतो आणि पाणतीर बहिरा होतो. हेडीने म्हटले, स्टेशन एकच का ठेवायचे? बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने ते सारखे बदलत राहावे, दोघांनी एकाच क्षणी, आधी ठरलेल्या क्रमाने. समजा, दोन गावांतले दोन गवई एकाच ठेक्यावर एकाच वेळी सूर बदलत गात आहेत. क्रम ठाऊक नसलेला तिसरा कोणी एखाद्या सुरात खोडा घालायला गेला, तर तोवर दोघे पुढच्या सुरावर पोचलेले असतात.

पण दोघांनी एकाच क्षणी बदलायचे कसे? इथे जॉर्ज अँथील हा संगीतकार उपयोगी पडला. त्यांची ओळख कशी झाली तेही ऐकण्यासारखे आहे. हा गृहस्थ संगीतकार असूनही शरीरातल्या ग्रंथींवर मासिकांतून लेख लिहीत असे, आणि हेडी त्याला भेटली ती आपल्या देहसौंदर्याविषयीच सल्ला विचारायला. बोलणे रूपावरून सुरू झाले आणि पाणतीरावर गेले. असे बोलणे पुढे नेणारा माणूस तिला आयुष्यात किती वेळा भेटला असेल! अँथीलने पूर्वी आपल्या एका रचनेसाठी आपोआप वाजणारे अनेक पियानो एका तालात वाजवण्याचा खटाटोप केला होता. अशा पियानोत भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते, आणि भोकांप्रमाणे सूर वाजतात. त्याने सुचवले, एक गुंडाळी जहाजात, तशीच दुसरी पाणतीरात. दोन्ही एकदम चालू करायच्या. पियानोच्या ८८ पट्ट्या, म्हणून ८८ निरनिराळ्या कंपनसंख्यांची सोय. विजेच्या जोडणीचे काम एका प्राध्यापकाच्या मदतीने पुरे करून घेतले. मूळ कल्पनेचे श्रेय अँथीलने तिलाच दिले.

जून १९४१ मध्ये अर्ज गेला. ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळाले, क्रमांक २२,९२,३८७. त्यावर नाव आहे हेडी कीस्लर मार्की. मार्की हे तिच्या दुसऱ्या नवऱ्याचे आडनाव. म्हणजे पहा, ज्या कागदावर तिची बुद्धी आहे त्यावर तिचे प्रसिद्ध नाव नाही, आणि ज्या लाखो कागदांवर ते नाव आहे त्यांवर नुसता चेहरा.

दोघांनी ते पेटंट अमेरिकेच्या आरमाराला देऊन टाकले. आरमाराने नाकारले. अँथीलने पुढे लिहून ठेवले आहे की चूक आपलीच झाली, पियानोचे नाव घ्यायला नको होते. ते वाचून साहेबलोकांना वाटले असावे, की हे पाणतीरात पियानो ठेवायला निघाले आहेत! हेडीला मात्र दुसरे काम मिळाले. युद्धाचे रोखे विकायला तिने देशभर दौरा केला, सैनिकांच्या उपाहारगृहात ती नाचली, सह्या दिल्या. एका दिवसात सुमारे ७० लाख डॉलरचे रोखे तिने खपवले असे सांगतात. देशाला तिची गरज होती, यात शंका नाही. कशाची गरज होती, एवढाच प्रश्न आहे.

इथवर आल्यावर मी ही गोष्ट आमच्या शिक्षकांच्या खोलीत सांगितली. आमच्यातले एक गुरुजी, मोठे तर्कशुद्ध गृहस्थ, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अहो, पण बाईंनी रूपाचाच व्यापार केला ना? १२५ चे ५०० केले ते कशाच्या बळावर? दुकान हळदकुंकवाचं घालायचं आणि गिऱ्हाईक पुस्तकं विचारत नाही म्हणून रडायचं!"

सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर देता आले नाही ही रुखरुख राहिली. घरी येता येता सुचले, अशी उत्तरे नेहमी घरी येतानाच सुचतात, की गुरुजींचे म्हणणे अर्धे खरे आहे. तिने रूप विकले आणि त्याची किंमत रोख घेतली. पण त्या किमतीत बुद्धी धरलेली नव्हती. हळदकुंकवाच्या दुकानात मालकाने एखादे पुस्तक फुकट पुढे केले आणि गिऱ्हाइकाने त्यात कुंकवाची पुडी बांधून नेली, तर चूक कोणाची? ती आरमाराकडे काही विकायला गेलीच नव्हती.

तरी गुरुजींना न पटवता मी दुसऱ्या बाजूनेही विचार करून पाहिला. तिला रूपामुळेच डावलले, असे सरळ म्हणता येईल काय? कागद तपासणाऱ्या सरकारी मंडळाला तिची कल्पना आरंभी पसंत पडली होती. अँथीलचा अर्जही त्याच कागदावर होता, आणि तो काही सुंदर नव्हता. १९४२ साली अमेरिकेचे साधे पाणतीरच धड फुटत नव्हते. त्यांत कागदी गुंडाळ्या बसवायला कोण धजणार? शिवाय ती ऑस्ट्रियाची, म्हणजे कागदोपत्री शत्रूच्या मुलखातली. अमेरिकेचे नागरिकत्व तिला १९५३ साली मिळाले. ही सगळी कारणे खरी आहेत. न्याय करायला बसलेल्या माणसाने ती सांगितलीच पाहिजेत.

पण एक गोष्ट या कारणांत बसत नाही. नाकारलेला शोधक दुसरा शोध घेऊन येऊ शकतो. 'हे जमले नाही, पुढच्या वेळी असे करून बघा' असे त्याला कोणी तरी म्हणते. तिला तसे कोणी म्हटल्याचे दिसत नाही. आणि अपमान झाला म्हणावे तर तोही झाला नाही. कुरूप म्हणून कोणाला हिणवले तर त्याला रागावता येते, भांडता येते. पाहणाऱ्यालाही ते वाईट दिसते. हिच्या वाट्याला स्तुतीच आली. 'माझी स्तुती करून यांनी मला गप्प केले' ही फिर्याद कोणत्या कचेरीत दाखल करायची? सगळे म्हणणार, बाईला गर्व झाला आहे.

संस्कृतात एक जुने वचन आहे, की जिथे सुंदर आकृती तिथे गुण वस्तीला असतात. लहानपणी मला ते फार उदार वाटे. आता वाटते, त्या वचनाने सुंदर माणसांचे नुकसानच केले असावे. गुण आत आहेतच असे धरून चालले, की दार वाजवून पाहण्याचे कोणाला कारण उरत नाही.

पेटंटाची मुदत १९५९ साली संपली. त्याच वर्षी अँथील वारला. तिला त्यातून एक पैसा मिळाला नाही. त्या सुमारास कागदाच्या गुंडाळीचे काम करणारे इलेक्ट्रॉनिक भाग निघाले होते आणि लहरी बदलत राहण्याची युक्ती सैन्याच्या दळणवळणात शिरू लागली होती. आपल्या घरातल्या ब्लूटूथमध्ये हीच युक्ती आहे. ते ७९ ठिकाणांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते. मात्र आमच्या कन्येला मी सांगितले, "ब्लूटूथ हिने शोधले असे म्हणू नकोस हो." लहरी बदलण्याची कल्पना तिच्याआधीही काहींना सुचली होती, १९३२ साली एका डच माणसाने त्यावर पेटंट घेतले होते. आजचे सगळे काही तिच्याच कागदातून उगवले असे ठामपणे सांगता येत नाही.

"म्हणजे तुम्हीसुद्धा तिचं श्रेय काढून घेताय, बाबा!" कन्या म्हणाली.

नाही ग. आज कुठे लिहितात, ही वायफायची जननी. कुठे लिहितात, हिच्यावाचून मोबाइल नसता. हे वाचताना मला पुन्हा ती मेजवानी आठवते. तेव्हा तिच्या रूपाकडे पाहून तिची बुद्धी शून्य धरली. आज त्याच रूपामुळे ती शंभरपट धरतात, कारण सुंदर नटीने जगाला वायफाय दिले ही गोष्ट ऐकायला गोड लागते. त्या प्राध्यापकाचे नाव कोणाला ठाऊक आहे? दोन्ही वेळा तो कागद कोणी नीट वाचलेला नाही. आणि तो वाचण्यासारखा आहे. जहाजात एक गुंडाळी, पाण्याखाली दुसरी, दोघींत एकही शब्द न बोलता एकमत! मला तर एवढेच पुरेसे सुंदर वाटते.

उतारवयात तिने चेहऱ्यावर शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया करून घेतल्या. त्या बिघडत गेल्या, आणि तिने माणसांना भेटणेच सोडले. तिचे दिवस फोनवर जात. तासन्‌तास ती बोलत असे. १९९० साली एका पत्रकाराने तिची मुलाखत घेतली तीही फोनवरच, आणि शोधाची हकीकत तिने त्याला आपल्या तोंडाने सांगितली. फितींवरचा तो आवाज २०१७ सालच्या एका माहितीपटात ऐकायला मिळतो. मी तो ऐकला. खोडकर, थोडा थकलेला, मध्येच हसणारा आवाज आहे. चेहरा समोर नव्हता म्हणूनच त्या पत्रकाराला इतके ऐकू आले काय, असे मनात येऊन गेले. १९९७ मध्ये तिला तिच्या शोधाबद्दल पहिला मान मिळाला. तो घ्यायला मुलगा गेला, ती गेली नाही. बातमी कळली तेव्हा, वेळ झालीच होती म्हणायची, अशा अर्थाचे काहीतरी ती बोलली. १९ जानेवारी २००० रोजी ती गेली.

हे सगळे मी दुसऱ्यांविषयी लिहीत आलो. आता एक स्वतःविषयी लिहितो, कारण ते लिहिल्याखेरीज हा लेख संपादकांकडे पाठवणे बरे दिसणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. दिसायला इतकी गोड, की पाहुणे आले की हार घालायला ती, ओवाळायला ती, संमेलनातल्या नाटकात राणी तीच. हे सारे मी ठरवत असे, आणि मुलीला प्रोत्साहन देतो म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेत असे. आमच्या रंगमंचाचा पडदा दोन भागांचा. दोन बाजूंना दोन मुले दोन दोऱ्या ओढत, आणि दोघांचा मेळ कधी बसत नसे. एकदा तालमीच्या वेळी ती माझ्याकडे आली. हातात घडी केलेला कागद. "सर, दोन दोऱ्यांऐवजी एकच दोरी फिरवून घेतली तर दोन्ही पडदे एकदम सरकतील. मी चित्र काढलंय."

"वा, छान! आधी तुझं भाषण पाठ कर बघू," मी म्हणालो, आणि कागद हजेरीपटात ठेवला.

संमेलनाच्या रात्री डावा पडदा उघडला, उजवा अडकला. अर्धी राणी लोकांना दिसत होती. हशा उसळला. ती मुकुट घालून स्तब्ध उभी होती. पाहत मात्र विंगेत होती, माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मला व्हरांड्यात गाठले. "सर, मी दिलेलं ते चित्र आपण बघितलं होतं का?"

"हो, बघितलं की," मी म्हणालो. "फार सुरेख काढलं होतंस."

ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. मी वर्गात येऊन हजेरीपट उघडला. कागद तिने दिला तसाच, चार घड्यांचा, आत होता.